संगणकीय आरेखनातील मापन-एकके : मेट्रिक-इंपीरियल द्वंद्वाची चिकित्सा

सारांश : संगणक-साहाय्यित आरेखनाच्या प्रणालींत मेट्रिक की इंपीरियल हा प्रश्न सामान्यतः एका डायलॉग बॉक्समधील निवडीपुरता मानला जातो व त्याच पद्धतीने शिकवला जातो. प्रस्तुत लेखात ऑटोकॅड ही प्रणाली मुख्य उदाहरण म्हणून घेतली आहे. आरेखनातील अंकाला स्वतःचे एकक नसते, एकक ही आरेखकाने केलेली घोषणा असते, आणि ही घोषणा प्रणालीत तीन स्वतंत्र ठिकाणी विभागली गेल्याने अनेक दोष संभवतात, असे प्रतिपादन येथे केले आहे. महाराष्ट्रातील बांधकाम व जमीन-व्यवहारातील मिश्र मापनव्यवस्थेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करून अध्यापनासाठी काही सूचना मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : संगणक-साहाय्यित आरेखन, एकक, मेट्रिक पद्धती, फूट-इंच, रूपांतर, गुंठा, तंत्रशिक्षण.

१. प्रस्तावना

ड्रॉइंग बोर्डावर काम करणाऱ्या आरेखकाला एककाचा विसर पडणे अवघड होते. प्रत्येक रेषा काढताना त्याला हातातील मापपट्टी पाहावी लागे. ती १:५० ची आहे की पाव इंचाला एक फूट या प्रमाणाची आहे, हे ठरवल्याशिवाय पेन्सिल कागदाला लागत नसे. प्रमाण आणि एकक या दोन्ही गोष्टी हाताच्या सवयीत मुरलेल्या असत. १९८२ मध्ये ऑटोकॅडची पहिली आवृत्ती आली आणि पुढील दोन-तीन दशकांत बोर्डाची जागा पडद्याने घेतली. पडद्यावर वस्तू तिच्या पूर्ण आकारात रेखाटली जाते. तिचे प्रमाण छपाईच्या वेळी ठरते. ही मोठीच सोय आहे. मात्र या सोयीबरोबर एककाचा विचारही शेवटच्या टप्प्यापर्यंत पुढे ढकलला गेला. आज विद्यार्थी कळफलकावर ३००० हा अंक टाकतो आणि रेषा उमटते. ते ३००० काय आहेत, हे प्रणाली त्याला विचारत नाही.

एककांच्या गोंधळाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे १९९९ मध्ये नष्ट झालेले नासाचे मंगळयान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर. एका संगणकप्रणालीने आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदात दिले आणि ते न्यूटन-सेकंदात आहेत असे समजून वापरले गेले. या घटनेचा उल्लेख बहुधा निष्काळजीपणाचा दाखला म्हणून केला जातो. तिचा अधिक उपयुक्त बोध असा की, आकडा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याच्यासोबत एकक गेले नाही. आपल्या आरेखन कक्षांत हीच स्थिती रोज असते. तेथे यान कोसळत नाही. भिंत चुकीच्या जागी उभी राहते, इतकाच फरक.

२. एककाचे तीन निवास

ऑटोकॅडमध्ये एकक कोठे असते, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ते किमान तीन ठिकाणी विभागलेले आहे आणि या तिघांचा परस्परांशी संबंध नवशिक्याला वाटतो तितका घट्ट नाही.

पहिले स्थान म्हणजे अंकाचे दृश्य स्वरूप. 'युनिट्स' या आज्ञेने उघडणाऱ्या डायलॉग बॉक्समध्ये दशांश, अभियांत्रिकी, आर्किटेक्चरल, अपूर्णांकी व वैज्ञानिक असे पाच पर्याय असतात. नावावरून येथे एकक बदलते असे वाटते. वस्तुतः येथे केवळ अंक कसा दिसावा हे ठरते. त्यातही अभियांत्रिकी व आर्किटेक्चरल हे दोन पर्याय आरेखनातील एक एकक म्हणजे एक इंच असे गृहीत धरतात. मिलिमीटरमध्ये काढलेल्या नकाशावर आर्किटेक्चरल पर्याय निवडला, तर ३००० ची भिंत २५० फूट लांबीची दिसू लागते आणि २३० ची जाडी १९ फूट २ इंच होते. तीन मीटरच्या भिंतीचे खरे माप सुमारे ९ फूट १० इंच आहे. येथे प्रणालीने गणित चुकवलेले नाही. ३००० इंच म्हणजे २५० फूट, हे अचूकच आहे. चुकले ते गृहीतक.

दुसरे स्थान म्हणजे 'इन्सयुनिट्स' हे चल. त्याच डायलॉग बॉक्समध्ये खालच्या बाजूला, बाहेरून आणलेल्या मजकुराचे प्रमाण ठरवण्यासाठी म्हणून, ही निवड दिलेली असते. एक म्हणजे इंच, दोन म्हणजे फूट, चार म्हणजे मिलिमीटर, सहा म्हणजे मीटर आणि शून्य म्हणजे एककरहित, असे तिचे संकेत आहेत. ही निवड बदलल्याने आधीच काढलेली एकही रेषा हलत नाही. तिचा परिणाम दुसरी फाईल किंवा ब्लॉक आत आणताना जाणवतो. यात एक नेहमीचा अपघात संभवतो. एखाद्याने इंचाच्या टेम्प्लेटवर काम सुरू केले, प्रत्यक्षात मात्र सारी मापे मिलिमीटरमध्ये टाकली. फाईलची घोषणा इंचाची राहिली. ही फाईल दुसऱ्याने मिलिमीटर घोषित केलेल्या नकाशात आणली की प्रणाली घोषणेवर विश्वास ठेवते आणि सर्व काही २५.४ पट करते. तीन मीटरची खोली ७६.२ मीटरची होते. इतकी मोठी चूक लगेच दिसते, ही त्यातली सुदैवाची बाजू.

तिसरे स्थान म्हणजे टेम्प्लेट आणि त्यासोबत येणारे 'मेजरमेंट' हे चल. 'ॲकॅड' या टेम्प्लेटची मूळ मर्यादा १२ × ९ अशी असते, तर 'ॲकॅडआयएसओ'ची ४२० × २९७, म्हणजे ए-३ कागदाएवढी. हॅचचे नमुने आणि रेषांचे प्रकार कोणत्या संचातून घ्यायचे हे 'मेजरमेंट' ठरवते. म्हणूनच काही नकाशांत विटांचे हॅच इतके दाट येते की नुसता काळा ठोकळा दिसतो, किंवा तुटक रेषा अखंड भासते. विद्यार्थी अशा वेळी हॅचचे प्रमाण अंदाजाने वाढवत जातो व दिसण्याजोगे झाले की थांबतो. लक्षणावर उपचार होतो. रोगाचे निदान होत नाही.

या तीन गोष्टी एकमेकींशी विसंगत असू शकतात आणि प्रणाली त्याबद्दल तक्रार करत नाही. दृश्य स्वरूप फूट-इंचाचे, घोषणा मिलिमीटरची आणि हॅच तिसऱ्याच संचातील, असा नकाशा निर्वेधपणे जतन होतो, छापला जातो व पाठवलाही जातो.

३. ही लवचीकता गुण की दोष?

या रचनेच्या बाजूनेही बोलता येते व ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. एककरहित अंकामुळे एकाच प्रणालीत घड्याळाचे चक्र आणि शहराचा विकास आराखडा दोन्ही काढता येतात. वापरणाऱ्याने एका एककाला मिलिमीटर मानावे किंवा किलोमीटर. भूमितीला त्याने फरक पडत नाही. अनुभवी आरेखकाला हे स्वातंत्र्य हवेच असते.

इतर प्रणालींनी वेगळे मार्ग पत्करले आहेत. रेव्हिट ही प्रणाली पडद्यावर मिलिमीटर दाखवत असली तरी आतमध्ये लांबी दशांश फुटांतच साठवते. स्केचअपचे अंतर्गत एकक इंच आहे, तर फ्रीकॅडचे मिलिमीटर. ऱ्हायनोमध्ये एकक बदलताना संपूर्ण रचनेचे प्रमाणही बदलायचे का, असा स्पष्ट प्रश्न विचारला जातो. या प्रणालींत अंक आणि एकक यांची गाठ प्रणालीनेच मारलेली असते. याउलट त्रिमितीय छपाईसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसटीएल फाईलमध्ये एककाची नोंदच नसते. इंचात रचलेला भाग मिलिमीटर समजून वाचला गेला की तो २५.४ पट लहान होऊन बाहेर येतो.

तेव्हा आक्षेप लवचीकतेवर नाही. आक्षेप नामकरणावर आणि मौनावर आहे. ज्या पर्यायाने केवळ अंकाचे रूप बदलते त्याला 'युनिट्स' या शीर्षकाखाली ठेवणे दिशाभूल करणारे आहे. शिवाय ऱ्हायनोसारखा एक साधा प्रश्न विचारण्याची व्यवस्था ऑटोकॅडमध्ये मुख्य डायलॉग बॉक्सऐवजी 'डीडब्ल्यूजीयुनिट्स' या आज्ञेच्या आदेश-ओळीतील रूपात दडलेली आहे. नवशिक्याची तिच्याशी क्वचितच गाठ पडते.

४. फूट नेमका किती?

मेट्रिक आणि इंपीरियल हे दोनच पक्ष आहेत, ही समजूतही तपासून पाहावी लागते. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एक यार्ड ०.९१४४ मीटर, म्हणजे एक फूट नेमका ०.३०४८ मीटर ठरला. अमेरिकेतील भूमापनात मात्र १२००/३९३७ मीटर हा 'सर्व्हे फूट' त्यानंतरही चालू राहिला व तो २०२२ च्या अखेरीस अधिकृत वापरातून काढण्यात आला. भारताच्या जुन्या भूमापनातील फूटही किंचित निराळा होता. १९३७ च्या निश्चितीनुसार तो ०.३०४७९८४१ मीटर येतो.

घराच्या नकाशात हे फरक नगण्य आहेत. आंतरराष्ट्रीय व सर्व्हे फूट यांतील अंतर दशलक्षात सुमारे दोन भागांचे आहे. शंभर फुटी भूखंडावर ते कोणत्याही टेपने मोजता येणार नाही. परंतु सहनिर्देशकांचे तसे नाही. पुण्याच्या परिसरात यूटीएम पद्धतीतील उत्तर-निर्देशक विषुववृत्तापासून मोजला जात असल्याने तो वीस लाख मीटरहून अधिक असतो. अशा आकड्याचे फुटांत आणि पुन्हा मीटरमध्ये रूपांतर करताना दोन वेगवेगळे फूट वापरले गेले, तर भूखंड जागेवरून सुमारे चार मीटर सरकतो. एककाची अचूकता किती हवी, हे आकड्याच्या आकारावर ठरते, हा मुद्दा आपल्या प्रात्यक्षिकांत सहसा येत नाही.

५. कायद्याचा मीटर आणि साइटवरचा फूट

भारताने १९५६ च्या अधिनियमाने मेट्रिक पद्धती स्वीकारली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आणली. आजचा आधार २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम आहे. कायद्यापुरता हा देश मेट्रिक आहे. मात्र ज्या साइटवर आपला विद्यार्थी उद्या जाणार आहे, तिथली भाषा मिश्र आहे.

महापालिकेत दाखल होणारा नकाशा मीटरमध्ये असतो. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानंतर करारनाम्यात चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिले जाते. भाव मात्र चौरस फुटानेच सांगितला जातो. वाळू आणि खडी ब्रासने येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. सुतार सूत मोजतो आणि आठ सुतांचा इंच होतो. प्लायवूडचा तक्ता आठ बाय चारचा म्हणून मागितला जातो व त्यावर २४४० × १२२० मिमी असे छापलेले असते. काटेकोर रूपांतराने ते २४३८.४ × १२१९.२ यायला हवे. विटेच्या भारतीय मानकात १९० × ९० × ९० मिमीची मॉड्युलर वीट आहे आणि तिच्या शेजारी २३० × ११० × ७० मिमीची अ-मॉड्युलर वीटही आहे. हे २३० म्हणजे मिलिमीटरचा वेष घेतलेले नऊ इंचच होत.

या उदाहरणांतून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. आठ फुटांचे २४३८.४ मिमी करणे हे संख्यांतर आहे. त्याऐवजी २४४० हा आकडा स्वीकारणे हा निर्णय आहे. पहिले काम संगणक निर्दोषपणे करतो. दुसरे करण्यासाठी साहित्य, कारागिरी आणि सहनमर्यादा यांची जाण लागते. जुने मिस्त्री अर्ध्या इंचाच्या सळईला चार सुती म्हणत. संख्यांतराने ती १२.७ मिमी होते, बाजारात मिळते ती १२ मिमी. व्यासातला फरक किरकोळ भासतो. छेदाचे क्षेत्रफळ मात्र १२६.७ वरून ११३.१ चौरस मिमीवर, म्हणजे जवळपास ११ टक्क्यांनी उतरते. जुन्या फूट-इंची नकाशातील सळया 'तेवढ्याच' म्हणून बदलणाऱ्याने नकळत पोलाद कमी केलेले असते.

जमिनीच्या नकाशात तर प्रश्न थेट मालकीचा होतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि बोलण्यात एकर-गुंठ्यांत. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे नेमके १०० चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की गुंठा म्हणजेच आर असे सर्रास धरले जाते. एका एकरात, म्हणजे ४० गुंठ्यांत, हा फरक सुमारे ४७ चौरस मीटर, अर्थात ५०० चौरस फुटांच्या आसपास भरतो. शहरालगत तेवढ्या जागेत एक लहान घर बसते. भावाभावांच्या वाटणीचा नकाशा आखणाऱ्या आरेखकाला हा फरक माहीत नसेल, तर त्याच्या पडद्यावरील चार दशांश स्थळांच्या अचूकतेला काय अर्थ उरतो?

६. दुरुस्त्यांतील धोके

एककाची चूक लक्षात आल्यावर केली जाणारी दुरुस्ती पुष्कळदा मूळ चुकीपेक्षा घातक असते. संपूर्ण आरेखन २५.४ ने गुणणे किंवा भागणे हा सरळ उपाय आहे. त्यात एक दक्षता लागते : लांबी २५.४ पट होते तेव्हा क्षेत्रफळ ६४५.१६ पट होते. नकाशावर मजकूर म्हणून हाताने लिहिलेली क्षेत्रफळे या गुणाकारात सामील होत नाहीत. ती जुनीच राहतात.

दुसरा मार्ग अधिक फसवा आहे. 'डिमएलफॅक' या चलाने मापरेषेवरील आकडा कोणत्याही गुणकाने बदलून दाखवता येतो. भूमिती चुकीचीच राहते, मापे मात्र बरोबर दिसतात. छापील कागद निर्दोष असतो. पुढच्या आरेखकाने तीच फाईल उघडून नवी रेषा जोडली की दोन सत्ये एकाच नकाशात नांदू लागतात. तपशील मोठ्या प्रमाणात दाखवण्यासाठी या चलाचा उपयोग योग्यच आहे. चूक झाकण्यासाठी नव्हे.

तिसरा धोका अंकांच्या पूर्णांकनाचा. प्रत्येकी दहा फुटांचे पाच गाळे मिलिमीटरमध्ये दाखवताना आकडे दहाच्या पटीत पूर्ण केले, तर प्रत्येक गाळा ३०५० दिसतो व बेरीज १५,२५० येते. एकूण लांबी मात्र १५,२४० दिसते. गवंड्याने कोणता आकडा खरा मानायचा? तसेच मापरेषेवर पर्यायी एकक दाखवताना गुणक म्हणून ०.०३९४ असा आखूड आकडा हाताने टाकला, तर दहा मीटरला ३९३.७० ऐवजी ३९४ इंच दिसतात. फरक साडेसात मिलिमीटरचा.

छपाईतही असाच सापळा आहे. एक अष्टमांश इंचाला एक फूट हे प्रमाण म्हणजे १:९६. असा नकाशा १:१०० च्या मापपट्टीने मोजला तर तीन मीटरची भिंत ३.१२५ मीटर भरते. सव्वाशे मिलिमीटरची ही चूक खोलीच्या मापात सहज खपून जाते. पंचवीस पटींची चूक कोणीही पकडतो. चार टक्क्यांची चूक बांधली जाते.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

प्रात्यक्षिकाच्या प्रचलित क्रमात 'युनिट्स' आणि 'लिमिट्स' या आज्ञा पहिल्या तासाला येतात व पुन्हा कधी येत नाहीत. मौखिक परीक्षेत आज्ञेचे नाव विचारले जाते, तिचा अर्थ विचारला जात नाही. तयार टेम्प्लेट हाती दिल्याने विद्यार्थी चुकत नाही आणि म्हणूनच शिकतही नाही.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. एककांविषयी चुकीची घोषणा असलेली एखादी फाईल विद्यार्थ्याला द्यावी आणि तिचे खरे एकक शोधायला सांगावे. त्यासाठी परिचित वस्तू मोजण्याची सवय लावावी. दरवाजाची उंची २१०० आली तर मिलिमीटर, ८४ आली तर इंच, २.१ आली तर मीटर. घोषणा काहीही म्हणो, दरवाजा खोटे बोलत नाही. प्रत्येक नकाशावर ज्ञात लांबीची एक पडताळणी-रेषा काढणे बंधनकारक करावे, म्हणजे फाईल कोठेही गेली व कागद कितीही लहान-मोठा छापला तरी तिची परीक्षा होऊ शकेल. नामपट्टीत 'सर्व मापे मिमीमध्ये' हे वाक्य बोर्डाच्या काळात अपरिहार्य होते. ते संगणकाच्या काळातही तितकेच आवश्यक आहे, कारण पडद्यावरचा अंक स्वतःहून ते सांगत नाही. आणि मूल्यमापनात किमान एक प्रश्न संख्यांतर व निर्णय यांतील भेदावर असावा : दहा फुटांच्या खोलीसाठी तुम्ही ३०४८ लिहाल, ३०५० की ३०००, आणि का?

स्थानिक मापे वर्गाबाहेर ठेवण्याची वृत्तीही सोडली पाहिजे. ब्रास, गुंठा, सूत ही मागासलेपणाची खूण मानून अभ्यासक्रमात त्यांना स्थान न दिल्याने ती व्यवहारातून गेली नाहीत. फक्त त्यांचे रूपांतर अशिक्षित अंदाजावर सोपवले गेले.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून असे दिसते की, संगणकीय आरेखनातील एककाचा प्रश्न हा दोन पद्धतींपैकी एक निवडण्याचा प्रश्न नाही. ऑटोकॅडसारख्या प्रणालीत अंकाचे रूप, फाईलची घोषणा आणि टेम्प्लेटचा वारसा या तीन गोष्टी स्वतंत्र असतात व त्यांच्यात सुसंगती राखण्याची जबाबदारी आरेखकावर येते. प्रणालीने ही जबाबदारी स्पष्ट शब्दांत सांगायला हवी होती. ती सांगत नाही, हा तिचा दोष. आपणही ती शिकवत नाही, हा आपला. महाराष्ट्रातील साइटवर मीटर आणि फूट यापुढेही दीर्घकाळ एकत्र राहतील असे दिसते. अशा स्थितीत आकड्याखाली एकक लिहिणे हा औपचारिकतेचा भाग राहत नाही. तो आकडा ज्यांच्या हाती जाणार आहे, त्या गवंड्याशी, सुताराशी आणि जमिनीच्या वाटेकऱ्याशी केलेला तो करार असतो. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, एवढी अपेक्षा आपल्या विद्यार्थ्यांकडून ठेवायला हरकत नसावी.